खणाखणांचे घर आणि सूर्याची वीज

(न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या सभासद-मेळाव्यात बांधकाम समितीच्या वतीने झालेले भाषण)



अमृतमहोत्सवानिमित्त मंडळाने जे संकल्प केले, त्यांपैकी आठ बिऱ्हाडांची नवी घरे बांधण्याचा संकल्प आमच्या समितीकडे सोपविण्यात आला. ही घरे कारखान्यात तयार करवून जागेवर आणून जोडावयाची आणि त्यांवर सूर्याची वीज घ्यावयाची, एवढे सर्वसाधारणपणे ठरले आहे. त्याविषयी चार शब्द सांगावे अशी आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत. विषय थोडा रुक्ष आहे. परंतु पैसा आपणां सर्वांचा आहे. आणि त्या घरांत जी कुटुंबे राहणार आहेत, ती विजेचे बिल आले की हिशेबाची वही दोनदा उघडणारी आहेत. तेव्हा थोडा धीर धरून ऐकावे, ही विनंती.

आमचे मुख्य म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सध्या मंडळापुढे सूचना आहे ती अशी की, आधी घरे उभी करावी आणि देणग्या जमतील तसतशी सौर पॅनेले मागाहून चढवावी. विटांच्या घराला हे चालते. गवंडी बोलवावा, गच्चीवर चार ठोकळे बांधावे, काम झाले. कारखान्यातून आलेल्या घराला हे चालत नाही. चाललेच तर जादा खर्च करून आणि धड छपराला भोके पाडून चालते. पॅनेले हवी तर दोन वर्षांनी घ्या, त्याला आमची हरकत नाही. परंतु त्यांची जागा, त्यांचा भार, त्यांच्या तारा आणि त्यांची दिशा या चार गोष्टी कारखान्याला नकाशा देण्यापूर्वी ठरल्या पाहिजेत.

'मॉड्युलर' हा शब्द आता घराघरांत आला आहे, तो बहुधा स्वयंपाकघराच्या वाटेने. ठराविक मापाची कपाटे कारखान्यात करावयाची आणि ओट्याखाली आणून बसवावयाची, हा त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. घराचेही तसेच. आणि आपल्या लोकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपले वाडे खणांनी मोजले जात. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण; सोपा पाच खणांचा, माडी सात खणांची, असे म्हटले की ऐकणाऱ्याला घर किती मोठे ते कळे. सुतार खांब-तुळया जमिनीवर तासून, कुसू आणि भोक जुळवून ठेवी आणि मग सांगाडा उभा राही. आजच्या मॉड्युलर घरात फरक इतकाच की, खण नुसत्या लाकडाचा नसून भिंती, छप्पर, नळ आणि विजेच्या तारा यांसह पुरा होऊन मालमोटारीवरून येतो. रस्त्याच्या नियमाप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच असावी लागते; म्हणून असा एक खण साधारणपणे अडीच मीटर रुंद करतात, आणि दोन किंवा तीन खण शेजारी-शेजारी जोडून एक बिऱ्हाड होते.

कारखान्यातली घरे म्हणजे सगळे सोपे, असे मात्र कोणी समजू नये. फाळणीनंतर निर्वासितांच्या निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा केंद्र शासनाने दिल्लीत घरे तयार करण्याचा कारखाना काढला. ऑटो केनिग्सबर्गर यांच्यासारखा जाणता वास्तुशास्त्रज्ञ त्या योजनेमागे होता. परंतु भिंतींचे तक्ते अपेक्षेप्रमाणे टिकाऊ निघाले नाहीत, आणि ज्या हेतूने कारखाना काढला तो हेतू तडीस गेला नाही. पुढे त्याच कारखान्यातून काँक्रीटचे इतर सुटे भाग निघू लागले आणि तो 'हिंदुस्थान प्रीफॅब' या नावाने चालला. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे दीड लाखाहून अधिक तयार घरे उभारली गेली. ती दहा वर्षे टिकली तरी पुरे, अशी कल्पना होती. त्यांतली कित्येक पुढे अनेक दशके वापरात राहिली. आम्हांला त्या घरांतली एक युक्ती फार मोलाची वाटते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून, मधल्या भिंतीत सगळे नळ आणि पाणी तापविण्याची सोय कारखान्यातच बसवून पाठवीत. घराचा जो भाग मागाहून करणे सर्वांत कटकटीचे, तो त्यांनी सर्वांत आधी पुरा केला. आजच्या घरात सौर विजेच्या तारा हा तसाच भाग आहे.

आपल्या इंदुरातही तयार तक्त्यांची घरे नवी नाहीत. देशात सहा ठिकाणी नव्या तंत्राची घरे बांधण्याची 'लाइट हाउस' योजना केंद्र शासनाने हाती घेतली, तिची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली. त्या सहांत इंदूर आहे. कनाडिया भागात १,०२४ घरांची ती योजना असून पोलादी सांगाड्यावर तयार सँडविच तक्त्यांच्या भिंती, असे तिचे तंत्र आहे. ती अनेक मजली इमारत आहे, आपली घरे बैठी. म्हणून तिचा नकाशा आपणांस जसाच्या तसा उपयोगी नाही. पण हे तंत्र माळव्याच्या हवेत कसे वागते, हे प्रत्यक्ष पाहण्यास लांब जाण्याची गरज नाही. विश्वस्तांनी एकदा जाऊन यावे.

आता सूर्याकडे वळू. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट प्रथम लोकांसमोर मांडला आणि त्यावर एक खेळण्यातला पाळणा फिरवून दाखविला. पडलेल्या उन्हाच्या सुमारे सहा टक्क्यांची त्या घटाने वीज होत असे. आज बाजारात मिळणारे चांगले पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक ऊन विजेत रूपांतरित करते. या तीनपटीहून अधिक वाढीमुळेच लहानशा छपरावरून घराची गरज भागविण्याची भाषा आपण बोलू शकतो.

घर तुकड्यांनी न्यावे, थोड्या दिवसांत जोडावे आणि ते सूर्यावर चालावे, याची जणू परीक्षाच घेणारी एक स्पर्धा २००२ साली वॉशिंग्टन येथे सुरू झाली. 'सोलर डेकॅथलॉन' असे तिचे नाव. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी घराची रचना करावयाची, ते घेऊन यावयाचे, मैदानावर उभे करून चालवून दाखवावयाचे. २०१४ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे या स्पर्धेची युरोपीय आवृत्ती भरली, तेव्हा मुंबईच्या आय.आय.टी.चा 'टीम शून्य' हा संघ आपले घर घेऊन तेथे गेला होता. मुंबईहून समुद्रमार्गे घर पाठवावयाचे, आणि तिकडे जोडताना एक तार आखूड पडली तर काय करावयाचे? अशा घरात मागाहून करण्यासारखे काही शिल्लक ठेवताच येत नाही. आपली घरे समुद्र ओलांडणार नाहीत, पण न्याय तोच.

आता आपल्या घरांचे गणित मांडतो. एका लहान कुटुंबाला दोन किलोवॅटची योजना पुरेशी आहे. इंदूरच्या परिसरात एका किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे मिळतात. म्हणजे घरामागे दिवसाला आठ, महिन्याला दोनशे चाळीसच्या आसपास. आषाढ-श्रावणात कमी, फाल्गुन-चैत्रात अधिक. साडेपाचशे वॅटचे एक पॅनेल घेतले तर ते सुमारे २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते, वजन पंचवीस ते तीस किलो. अशी चार पॅनेले एका घराला लागतात. अडीच मीटर रुंदीच्या खणावर पॅनेलाची लांबी आडवी बरोबर मावते, आणि चार पॅनेले शेजारी-शेजारी ठेवली की साडेचार मीटर होतात. आपला खण सहा मीटर लांब आहे. म्हणजे दोन खणांच्या घरात एकाच खणाचे छप्पर पॅनेलांनी व्यापले जाईल आणि दुसरे मोकळे राहील.

हे असेच झाले पाहिजे. दोन खण जेथे मिळतात ती रेषा छपराची सर्वांत नाजूक जागा. तेथे पत्र्याची टोपी आणि लांबी भरलेली असते, आणि काही वर्षांनी ती पुन्हा भरावी लागते. पॅनेल या जोडावर आडवे टाकले तर पहिल्या गळतीला चारही पॅनेले उतरवावी लागतील. शिवाय दोन खण थंडी-उन्हाने थोडे थोडे हलतात, ते वेगळेच. जोड उघडा ठेवावा, त्यावरून माणसाला चालता यावे, हे नकाशात लिहून टाकले पाहिजे.

भाराचेही तसेच. चार पॅनेले आणि त्यांची चौकट मिळून दीड-दोनशे किलो वजन होते. ते पोलादी सांगाड्याला जड नाही. परंतु ते पत्र्यावर पडता कामा नये, खालच्या कैचीवर पडले पाहिजे. आणि त्याहून मोठी भीती वजनाची नसून वाऱ्याची आहे. वळवाच्या वादळात वारा पॅनेलाखाली शिरून ते वर उचलू पाहतो. चौकटीचे पाय कारखान्यातच कैचीला वेल्डिंग करून, त्यांच्याभोवती पत्रा बंद करून दिले, तर एकही भोक मागाहून पाडावे लागत नाही. उभ्या घडीच्या पत्र्यावर घडीलाच पकडणारे चिमटे मिळतात, तोही मार्ग चांगला आहे. पॅनेले मात्र कारखान्यात बसवू नयेत. रस्त्याच्या हादऱ्यांनी आतल्या घटांना केसासारख्या चिरा जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि वीज कमी होत जाते. पाय आणि तारा कारखान्यात, पॅनेले जागेवर, अशी वाटणी आम्ही सुचवितो.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आज विशेष आग्रह धरणार आहोत, तिच्याकडे येतो. मंडळापुढील नकाशात आठ घरांच्या दोन रांगा समोरासमोर आहेत, मध्ये अंगण. रचना सुंदर आहे. मुले अंगणात खेळतील, ओट्यावर बसून म्हाताऱ्यांना गप्पा मारता येतील. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु कारखान्याच्या दृष्टीने सर्व घरे एकाच साच्याची, आणि साच्यात छपराचा उतार दारापासून मागच्या भिंतीकडे आहे. एका रांगेची दारे उत्तरेला, दुसरीची दक्षिणेला. म्हणजे चार घरांचे छप्पर दक्षिणेकडे उतरेल आणि चारांचे उत्तरेकडे! आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहोत. जून-जुलैचे काही दिवस सोडले तर मध्यान्हीचा सूर्य आपल्या दक्षिणेलाच असतो. थंडीत तर तो चांगलाच कलतो. उत्तरेकडे कललेल्या छपरावर पॅनेल टाकले तर त्याच कुटुंबाला, तितक्याच खर्चात, समोरच्यापेक्षा कमी वीज मिळेल आणि थंडीत हा फरक चांगला जाणवेल. ती सरळ करावयाची तर उंच उलट चौकट उभारावी लागेल, आणि मग वाऱ्याचा प्रश्न दुप्पट होईल. एकाच न्यासाच्या एकाच अंगणात चार घरांना बिल कमी आणि चारांना जास्त, आणि कोणाच्याही वागणुकीचा त्यात दोष नाही! याची भांडणे पुढे विश्वस्तांच्या दारी येतील.

उपाय कागदावर फार सोपा आहे. दार कोणीकडेही असो, छपराचा उतार आठही घरांत दक्षिणेकडेच ठेवावा. त्यासाठी कारखान्याला एका साच्याऐवजी दोन साचे करावे लागतील. एकात पन्हळ मागे, दुसऱ्यात पुढे. कारखाना त्याचे काही पैसे मागेल. ते द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उतार दहा ते पंधरा अंशांचा पुरे; अक्षांशाइतका म्हणजे बावीस-तेवीस अंशांचा ठेवला तर वीज किंचित वाढते, पण छप्पर उंच आणि महाग होते. आणि पाण्याच्या टाक्या घराच्या उत्तर बाजूला. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पॅनेलाच्या एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी तेवढ्याच कोपऱ्याची वीज जात नाही, पॅनेलाचा मोठा भाग झोपतो. अंगणातला कडुलिंब तोडावा लागेल काय, असे काहींनी विचारले होते. नाही. तो पश्चिमेला आहे. सायंकाळची तासाभराची वीज जाईल, ती जाऊ द्यावी.

उष्णतेविषयी थोडे. माळव्याची रात्र प्रसिद्ध आहे. दिवस कितीही तापला तरी रात्री वारा सुटतो. जुन्या वाड्याची जाड भिंत दुपारचे ऊन आत येऊ देत नसे. तयार तक्त्यांची भिंत पातळ आणि हलकी. तिच्यात तो साठा नाही, म्हणून दुपारी अशी घरे लवकर तापतात, आणि तापतात ती मुख्यतः छपरातून. पॅनेले येथे दुहेरी कामाची आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ साली मोजून दाखविले की, पॅनेलांच्या सावलीमुळे छपराला पोहोचणारी उष्णता सुमारे ३८ टक्क्यांनी घटली. मात्र पॅनेल आणि पत्रा यांमध्ये चार-सहा बोटे मोकळी हवा वाहिली पाहिजे. पॅनेल स्वतःही तापले की आळशी होते. पंचवीस अंशांवर प्रत्येक अंशाला वीज साधारण एक-तृतीयांश टक्क्याहून थोडी अधिक घटते, आणि वैशाखातल्या दुपारी पॅनेल साठ अंशांवर जाते. म्हणून पत्र्याला चिकटवावयाची पॅनेले दिसायला कितीही सुबक असली तरी ती आपल्या कामाची नाहीत.

तारांविषयी आम्ही कठोर आहोत. सँडविच तक्त्याच्या पोटात फेस भरलेला असेल तर तो जळतो. पॅनेलावरून येणारी एकदिश वीज ऊन असेपर्यंत बंद होत नाही. घराचे मुख्य बटण खाली केले तरी छपरावरून येणारी तार जिवंतच राहते. म्हणून ही तार तक्त्याच्या पोटातून कधीही नेऊ नये. घराच्या बाहेरून, धातूच्या नळीतून आणावी, आणि जमिनीवरून हात पोहोचेल अशा जागी तिचे तोडबटण असावे. तक्त्यात फेसाऐवजी खनिज लोकर भरून घेता आली तर उत्तम. किंमत अधिक पडेल. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर सुचविणाऱ्या कंत्राटदाराशी बोलणे थांबवावे.

एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. छपरावर वीज आहे म्हणजे गावची वीज गेली तरी आपले दिवे लागणार, असे पुष्कळांना वाटते. साध्या योजनेत तसे होत नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर तत्क्षणी बंद पडतो. दिवे राहावे तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर हवा. आठही घरांना बॅटरी देणे आज झेपणारे नाही. परंतु तिच्यासाठी हवेशीर कोनाडा आणि दोन दिवे, एक पंखा यांची स्वतंत्र वायर मात्र आत्ताच काढून ठेवावी.

पैशांचे सांगतो. 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. तिच्यात घरगुती ग्राहकाला दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये, आणि तीन किलोवॅट वा अधिक असल्यास एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवले. त्या वेळी शासनाने पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५०,००० रुपये खर्च प्रमाण मानला होता. त्या मानाने आठ घरांचे सोळा किलोवॅट म्हणजे आठ लाख, आणि अनुदान चार लाख ऐंशी हजार. हा आकडा ऐकून काही सभासदांचे चेहरे उजळले, ते आम्ही पाहतो आहोत. तथापि छप्पर न्यासाचे आणि मीटर राहणाऱ्याच्या नावाचे, अशा वेळी अनुदान कोणाला मिळते, याचे उत्तर वीज कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि ते येईपर्यंत अंदाजपत्रकात अनुदानाची एक पैही धरू नये. पॅनेल देशी बनावटीचे असावे ही त्या योजनेची अट आहे, ती खरेदीच्या वेळी विसरू नये. पॅनेले पंचवीस वर्षे चालतात. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. त्यासाठी दर घरामागे महिन्याला थोडी रक्कम वेगळी ठेवावी. ती राहणाऱ्यांकडून घ्यावी की न्यासाने द्यावी, हा विश्वस्तांचा प्रश्न आहे; आमचा कल निम्मी-निम्मी करण्याकडे आहे.

मीटर प्रत्येक घराचे स्वतंत्र असावे. सगळी वीज एका मीटरवर घेऊन न्यासाने वाटावी, ही सूचना सद्भावनेची आहे खरी. पण आठ कुटुंबांच्या पंख्यांचा हिशेब चिटणिसांनी ठेवावा, हे त्यांच्यावर अन्यायाचे होईल.

राहिली निगा. दिवाळीपासून मृगापर्यंत माळव्यात धूळ बसते, आणि पंधरवड्यातून एकदा पाण्याने धुतले नाही तर वीज घटत जाते. साबण नको, खरखरीत घासणी नको, आणि तापलेल्या पॅनेलावर दुपारी गार पाणी तर नकोच, पहाटे धुवावे. हे करणार कोण? पुष्कळ ठिकाणी पॅनेले धुळीने माखलेली दिसतात, ती माणसे आळशी म्हणून नव्हे. वर जाण्याला जिना नसतो आणि वर नळ नसतो म्हणून. प्रत्येक दोन घरांमागे एक पक्का लोखंडी जिना, हाताला कठडा, आणि वर एक नळ, एवढे नकाशात असले पाहिजे. साठीच्या पुढच्या माणसाला शिडी चढावयाला लावणे आम्हांला मान्य नाही.

दुरुस्त केलेले दोन्ही साच्यांचे नकाशे न्यासाच्या कार्यालयात टेबलावर ठेवले आहेत. उतार, जोडाची रेषा, तारेची वाट, टाकी, जिना आणि नळ हे सर्व त्यांत लाल शाईने दाखविले आहे. कारखान्याला मागणीपत्र जाण्यापूर्वी मंडळाची जी सभा व्हावयाची आहे, तिच्या आत सभासदांनी येऊन ते पाहावे आणि ज्यांना हरकत असेल त्यांनी ती लेखी द्यावी. ज्यांच्या घरी पॅनेले आधीच आहेत, अशा सभासदांनी तर अवश्य यावे आणि येताना मागील वर्षाची बिले बरोबर आणावी.